काय करायचंय वार घेऊन?

एक काळजी काही केल्या मनातून जात नाही. माझी लेक अजून तिशीचीही नाही आणि तिला जन्मभर अशा माणसांजवळ बसायचंय, ज्यांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. रोज एवढं म्हातारपण अंगावर घेऊन ही पोर हसायची कधी?

ती मानसोपचाराची डॉक्टर होतेय. त्यातही पुढे वाटा फुटतात, हे मला तिच्यामुळे कळलं. कुणी लहान मुलांकडे वळतं, कुणी व्यसनमुक्तीकडे, कुणी कोर्टाच्या कामाकडे. तिथे आरोपी भानावर होता की नाही ते सांगायचं असतं. हिने म्हातारी माणसं निवडली.

माझ्या भावाने कपाळाला हात लावला. त्याचा मुलांचा दवाखाना आहे. भाचीसाठी त्याने तिथली एक खोली रंगवून घेतली, भिंतीवर जिराफ काढून घेतले. तो तिला लहानपणापासून गोगलगाय म्हणतो, कारण एक वाक्य पुरं करायला तिला फार वेळ लागतो.

"अगं गोगलगाय, मुलं बरी होऊन उड्या मारत घरी जातात. तुझे पेशंट कुठे जाणार?"

ती विचार करून म्हणाली, "जातील तिथे नीट जातील, मामा."

"घ्या! तोंड उघडलं, तेही हे बोलायला!"

तिच्या रुग्णालयात या प्रशिक्षणाची जागा एकच. निवडीसाठी विभागप्रमुख मॅडमसमोर एका पेशंटशी बोलायचं होतं. पेशंट म्हणजे एक आजी. नाव ती मला सांगत नाही, विचारलं तर डोळे वटारते. आजींनी उभा जन्म शिवणकाम केलेलं. मुलाने आणून दाखल केलं, 'हिला काही आठवेनासं झालंय' म्हणून. हिच्याआधी त्याच जागेसाठी आलेल्या आणखी दोघांनी त्यांना प्रश्न विचारले होते. ही आत गेली तशा आजी म्हणाल्या, "आली आणखी एक!"

"आजी, आज वार कोणता?"

"काय करायचंय वार घेऊन?"

"नातू कितवीत आहे?"

"असेल कितवीत तरी. मी काय त्याचा अभ्यास घेणारे?"

"आणि साल?"

"जे असेल ते. मला विचारून लागलंय का?"

आधीच्या दोघांनी अशा उत्तरांना शून्य गुण देऊन विस्मरणाचा आजार ठरवला होता. ही मात्र थांबली. पुढचा प्रश्नच विचारेना. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं म्हणे.

"आई, विसर पडलेला माणूस बहुतेकदा झाकाझाक करतो," तिने मला नंतर समजावलं. "चुकीचा वार ठोकून देतो, मुलाकडे बघतो, हसून वेळ मारून नेतो. या आजी एकदाही 'आठवत नाही' म्हणाल्या नाहीत. 'काय करायचंय' म्हणत होत्या."

मग तिने विचारलं, "आजी, काही करायचंच नाही, असं कधीपासून वाटतंय?"

आजी गप्प. हीसुद्धा गप्प. दुसरं कुणी असतं तर मध्ये काहीतरी बोललं असतं.

"मशीन विकलं तेव्हापासून," आजी शेवटी म्हणाल्या. मुलाने विकलं होतं, आईच्या बोटात सुई जाईल या भीतीने. "मंगळवार होता. त्या टेम्पोवाल्या मेल्याने पायडल उंबऱ्यावर आपटलं." आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

वारासकट सगळं आठवत होतं! त्यांना ग्रासलं होतं ते उदासीच्या आजाराने, आणि तो औषधाने, बोलण्याने बरा होऊ शकतो.

"मध्ये एवढी थांबलीस का?" मॅडमनी विचारलं.

"त्यांचं उत्तर अजून येत होतं," माझी लेक म्हणाली.

आज निकाल लागला. जागा हिला मिळाली! दारात बूटही न काढता तिने सांगितलं, आणि त्याच दमात हेही, की आजी गेल्या आठवड्यात घरी गेल्या. नवं मशीन आजच्या आज हवं म्हणून मुलाशी जिन्यावरून भांडत उतरल्या, साऱ्या वॉर्डने ऐकलं. सांगताना ती पोट धरून हसत होती. इतकी हसताना मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

"मामाला उद्या मी सांगते," झोपायला जाताना ती म्हणाली. म्हणजे तो जिराफांचा विषय काढणार, 'तुझ्या भल्यासाठी' म्हणणार, आणि हिचं पहिलं वाक्य संपायच्या आत त्याच्या दवाखान्यात रुजू व्हायची तारीख ठरवून मोकळा होणार. मोठ्या माणसांपुढे तिला पटकन नाही म्हणता येत नाही. मला येतं. निदान माझ्या भावाला तरी.

काळजी आहेच, ती कुठे जातेय. पण ती माझी मी बघेन. दादा आता झोपला असेल. झोपू दे, फोन वाजला की उठेल. त्याला सांगायचंय, खोली छान झालीय, दुसरा कुणी चांगला डॉक्टर बघ. आमची येणार नाही.