भाचीच्या बाथरूममधला पिवळा पाइप

लहान मुलांच्या बाथरूमचा विचार आपल्याकडे कुणी म्हणजे कुणी करत नाही. हे वाक्य मी पत्रकात घातलं असतं तर आमच्या चळवळीच्या गटातले लोक हसले असते, म्हणून इथे लिहिते.

दादाचं घर हिंदी मुलखात, जुनवानीत, भाड्याचं. बाथरूम मागच्या अंगणात. वर सिमेंटचा पत्रा, खिडकी नाही, भिंती शेवाळून काळ्या. वरच्या ड्रममधून एक लोखंडी पाइप सरळ खाली येतो. नळ सोडला की तो आधी थरथरतो, मग घुरघुरतो, मग मेहेरबानी केल्यासारखं पाणी देतो. माझ्या पाच वर्षांच्या भाचीला रोज सकाळी तिथे ओढत न्यावं लागायचं.

"आत्या, पाइप में कोई है," ती मला सांगायची. बोलणं घरात मराठी, भीती मात्र हिंदीत.

वहिनी पार थकली होती. "पुढच्या महिन्यात हिची शाळा सुरू होऊन राहिली. रोज असाच तमाशा केला त मी डबा कधी भरू अन् इले न्हाऊ कधी घालू?"

मला चीड आली. पोरीची नाही, त्या भिंतींची. मोठ्या माणसालाही जिथे उभं राहवत नाही तिथे लेकराला ढकलायचं आणि रडली की तीच हट्टी! मी जाहीर केलं, हे बाथरूम आता तिचं आणि मी ते सजवणार.

"करा बाई क्रांती," वहिनी म्हणाली, "पण फुकटात करा. मले पैसे मागू नका."

फुकटात केली. नेहरू नगरात नवी घरं उठत होती. तिथे मिस्त्र्यांनी टाकून दिलेले टाइल्सचे तुकडे मी पत्रकांच्या झोळीत भरून आणले. गुलाबी, पांढरे, एकावर अर्धं कमळ. चुन्यात नीळ कालवून भिंती आभाळासारख्या केल्या, खालच्या अंगाला तुकडे बसवले. दाराला वहिनीच्या विटलेल्या साडीचा पडदा. राहिला पाइप.

"आत कुणी आहे म्हणतेस ना? मग कोण आहे ते तूच ठरव."

तिने बराच विचार केला. "जिराफ."

मोर्च्याचे फलक रंगवून उरलेला पिवळा ऑइलपेंट डब्याच्या तळाशी होता. पाइप वरपासून खालपर्यंत पिवळा केला. ठिपके नंतर, रंग वाळल्यावर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोर आपणहून आत गेली. वहिनीने नळ सोडला. पाइप थरथरला, घुरघुरला, आणि पोर चक्क खिदळली. पाइपाला गाल लावून म्हणाली, "पानी पी रहा है!"

तेवढ्यात दादा कामावरून आला. डबल ड्यूटी होती, काल सकाळपासून तो घरी आलेला नव्हता.

दादा औद्योगिक भागातल्या एका लहानशा खासगी कारखान्यात भट्टीवर आहे. सायकल लावायला तो अंगणात आला, त्याने पडदा बाजूला केलेल्या बाथरूमकडे पाहिलं आणि हातातली सायकल तशीच सोडून दिली. ती धाडकन पडली. तो आत घुसला, पोरीला काखेत मारलं आणि पळत सुटला. अंगण, फाटक, थेट रस्ता.

"बाहेर या! श्वास घेऊ नका!"

आम्ही दोघी मागे धावलो. पोर भेदरून रडत होती आणि दादा तिचे ओठ बघत होता, नखं बघत होता.

"अहो, पाण्याचा पाइप हाय तो," वहिनी म्हणाली. "तुमच्या बहिणीनं पिवळा केला."

त्याने पोरीला खाली ठेवलं. "आमच्या भट्टीवर पिवळा पाइप म्हणजे गॅस," तो म्हणाला. "त्यातून असा घुरघुर आवाज आला का पळायचं. मागल्या हिवाळ्यात मले पळता नाही आलं."

"म्हंजे?" वहिनी.

"म्हंजे काय? पडलो. दोघांनी पाय धरून ओढून काढलं."

"तुम्ही त डबल ड्यूटी झाली म्हणून सांगितलं होतं!"

"मग काय सांगू?"

त्या हिवाळ्यात मी भोपाळच्या गॅसवर पत्रकं लिहीत होते, याच घराच्या ओसरीवर बसून. दादा एका सकाळी घरी येऊन उलट्या करत होता. वहिनीने आल्याचा चहा दिला, आणि मी, भाषा सोपी आहे का बघ म्हणून, त्याला पत्रक वाचून दाखवलं. तो म्हणाला होता, "चांगलं आहे."

"कावून नाही सांगितलं?" मी भर रस्त्यात ओरडले.

"तुले सांगू? उद्या तू छापशीन, परवा मी घरी बसीन."

"घरी बसशीन त जित्ता त राहशीन!"

"अन् खाईन काय? तुझे पत्रक?"

हे असं विचारायची पाळी त्याच्यावर कुणी आणली, ते मला ठाऊक आहे: कारखान्याच्या मालकाने.

आणि पोर? दुसऱ्या सकाळी ती पडद्यापाशीच अडली. "बाबा डरते हैं उससे." आधी तिला नुसता संशय होता, आता पुरावा मिळाला. मी म्हटलं, हिरवा करू या. ती आणखी जोरात रडली. हिरवा जिराफ कुठे असतो?

दादाला सुट्टी होती. तो ऐकत होता. त्याने माझ्या हातातून ब्रश घेतला आणि आत गेला. गेरूचा पहिला ठिपका वेडावाकडा उमटला. मानेवरून घाम ओघळत होता.

"राहू द्या ना, बाहेर या," वहिनी म्हणाली. तो आला नाही.

"आँख भी बनाओ," दारातून हुकूम आला.

त्याने जिराफाला डोळे रंगवले. मग एक हात पाइपावर ठेवून स्वतःच नळ सोडला. पाइप थरथरला. पोर पाइपाकडे बघतच नव्हती, ती बापाचं तोंड बघत होती. पाणी आलं. मग ती आत गेली.

शाळा सुरू झाली. आता ती एकटी अंघोळ करते, पडद्याआडून जिराफाला शाळेतल्या भानगडी सांगते. ती बाहेर येईपर्यंत दादा सायकलला डबा अडकवून अंगणात थांबतो आणि मग भट्टीवर जातो. तिथला पिवळा पाइप तिथेच आहे. कारखान्याचं नाव लिहायला दादाने मला मनाई केली आहे.

दादा वळणाआड जाईपर्यंत वहिनी हल्ली फाटकाशी उभी असते. पूर्वी नसायची.