कोणता माघ?

आईला फक्त तिथी हवी होती. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत लढायला गेले तेव्हा ती पोटात होती. ते परत आलेच नाहीत. त्यांचं श्राद्ध आजवर सर्वपित्री अमावास्येला, तिथी माहीत नसलेल्या सगळ्यांबरोबर उरकलं जायचं. "त्यांचा स्वतःचा असा एक दिवस नको का गं?" ऐंशी ओलांडल्यावर तिने मला विचारलं, आणि मग विचारतच राहिली. मी कोलशेतला घरी येऊन खांद्यावरची बॅग उतरवत नाही तोच डोंबिवलीहून तिचा फोन. "लागला का काही पत्ता?"

"आई, ते काय पार्सल आहे का?" मी वैतागायचे. पण शोधत होते.

घरातली गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. आजोबा लढाईत बेपत्ता झाल्याचं कोकणात गावी कळलं. अशा माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते. पण त्या वर्षी गोठ्यातली गुरं दगावली, आणि पोराचा आत्मा भटकतोय असं कुणीतरी पणजोबांच्या डोक्यात भरवलं. त्यांनी ग्रामदेवतेला कौल लावला. देवीला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली तर मुलगा हयात, डावीकडून पडली तर गेला. ती डावीकडून पडली. पणजोबांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून मुलाला अग्नी दिला आणि आजीचं कुंकू पुसलं. आजी तेव्हा विशीचीही नव्हती.

तिने ते मानलं नाही. "ते आहेत," एवढंच म्हणायची, आणि दार लावून कुंकू लावायची. सापडली की बोलणी खायची. शेवटी पणजोबांनी तिचा करंडाच विहिरीत फेकून दिला. युद्ध संपल्यावर सरकारी कागद आला, की मुलगा शत्रूच्या कैदेत वारला. कौल खरा ठरला म्हणून गावाने माना डोलावल्या. कागदावरची तारीख कुणी बघितली नाही, आणि पुढे तो कागदही हरवला. घरच्यांच्या लेखी माणूस आधीच जाळून झाला होता. आजी त्यानंतर गप्प झाली ती कायमची, आणि सगळ्यांसाठी वेडसरच राहिली.

आजोबा मला सापडले ते इटलीतल्या एका कबरस्तानात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. आफ्रिकेत पकडलेल्यांना तिकडच्या छावण्यांत नेलं जायचं. आडनावाचं स्पेलिंग भलतंच होतं, पण वडिलांचं नाव आणि गाव आमचंच. शेजारी मृत्यूची तारीख आणि कबरीच्या दगडाचा फोटो. वय तेवीस. माझ्या मुलापेक्षा लहान. मी पोळ्या करायच्या सोडून ओट्यापाशी उभी राहून रडले. मग मोबाईलवरच्या पंचांगात ती तारीख टाकली. माघ वद्य पंचमी. आईला फोन लावायला घेतला आणि माझं लक्ष सालाकडे गेलं.

पुतळा जाळला त्या दिवाळीत आई पहिली पावलं टाकायला लागली होती, हे ती नेहमी सांगते. आजोबा गेले तो माघ त्या दिवाळीनंतरचा होता. इकडे गावात त्यांना अग्नी दिला तेव्हा ते तिकडे छावणीत जिवंत होते. थंडीत कुडकुडत असतील, बायकोची आठवण काढत असतील, पोटातलं पोर मुलगा झालं की मुलगी, हेही त्यांना कळलं नसेल. आणि ती वेडी बाई खरं बोलत होती.

मला इतका राग आला की कुणावर काढावा कळेना. पणजोबांना जाऊन जमाना झाला. ओळखीच्या गुरुजींना विचारलं, "पुतळा जाळला आणि तो माणूस परत आला तर?" ते म्हणाले, "त्याचे जन्मापासूनचे सगळे संस्कार पुन्हा करायचे. बायकोशीही पुन्हा लग्न लावायचं." म्हणजे माणसाला परत यायची सोय शास्त्राने ठेवली होती. तोवर बाईने काय करायचं, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

आईला काय सांगायचं? या वयात तिला हे कशाला? तिथी तेवढी द्यावी आणि गप्प बसावं, असं ठरवून मी डोंबिवलीला गेले.

"माघ वद्य पंचमी," मी म्हणाले. तिने हात जोडले. दोनदा पुटपुटून तिथी पाठ केली. तिचा चेहरा इतका उजळला की माझं काम झालं असं मला वाटलं.

मग तिने विचारलं, "कोणता माघ?"

मी चहाचे कप उचलायला लागले.

"अगं, पुतळा केला ती दिवाळी. त्याच्या आधीचा माघ, की नंतरचा?"

आधीचा म्हणाले असते तर तिथेच सगळं संपलं असतं. पण तिच्याकडे बघून मला खोटं बोलवेना.

"नंतरचा."

तिने भिंतीवरच्या आजीच्या फोटोकडे बघितलं. त्या फोटोत आजी म्हातारी आहे, कपाळ मोकळं. "म्हणजे ते होते," आई म्हणाली. "आणि मीसुद्धा तिला वेडी म्हणायचे गं." मग देवघरातलं कुंकू आणून तिने फोटोच्या काचेवर, आजीच्या कपाळावर टेकवलं.

माघ आला. गुरुजींनी आईच्याच हातून श्राद्ध करवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने वडिलांना त्यांच्या दिवशी पाणी दिलं. गुरुजी गेल्यावर मी ओलं फडकं घेऊन फोटोपाशी उभी राहिले. आजची तिथी झाली, आता रीतीप्रमाणे ते कुंकू जायला हवं, असं माझ्या डोक्यात.

"आई, पुसू ना आता?"

तिने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. "नको. नवरा जिवंत असताना एकदा पुसलंय तिचं. आता कुणी हात लावायचा नाही."