काचेची न्हाणी

मुलीचं लग्न ठरलं आणि पुण्याची माणसं साखरपुड्यासाठी नागपूरला येणार असं कळलं. मुक्कामाला व्याही आणि विहीणबाई, दोघंच; जावई साखरपुड्यापुरते येऊन परत जाणार होते. आमचं घर लहान, म्हणून त्यांना हॉटेलात उतरवायचं हे पक्कं होतं. कोणत्या, यावर मात्र आमच्याकडे इतका खल झाला की जावयाची चौकशीही आम्ही एवढी केली नव्हती.

महाल या जुन्या वस्तीतलं एक हॉटेल जुनं होतं. मधे चौक, चारी बाजूंनी खोल्या. आम्ही बघायला गेलो तेव्हा मालक झोपाळ्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. "पाहून घ्या खोल्या, उघड्याच आहेत," असं म्हणून ते पुन्हा शेंगांकडे वळले. न्हाण्या चौकाच्या पलीकडे, ओळीनं. नवऱ्याचा चेहरा तिथेच पडला.

"पुण्याच्या पाव्हण्यायले हे दाखवाचं?" बाहेर आल्यावर ते म्हणाले.

मग आम्ही वर्धा रोडवरच्या काचेच्या हॉटेलात गेलो. ऐन जानेवारीत एका मुलीनं आमच्या हातात बर्फासारखे गार टॉवेल ठेवले. नवऱ्यानं त्या टॉवेलनं मानसुद्धा पुसली. ती इंग्रजीत बोलत होती आणि हे प्रत्येक वाक्याला "येस" म्हणत होते, मग तो प्रश्न असो वा नसो. सरकारी कचेरीत साहेबापुढे आयुष्य गेलं, त्याचा असा उपयोग झाला.

खोली सुंदर होती. फक्त पलंग आणि न्हाणी यांच्यामध्ये भिंत घालायची राहून गेली होती. तिथे स्वच्छ, आरपार काच होती.

"अहो, इथं भिंत नाही," मी हळूच म्हटलं.

"असंच राह्यते वं मोठ्या लोकायचं."

"मोठे लोक आंघोळ करत नाहीत का?"

"तू चूप राह्य. ती पोरगी ऐकून राहिली."

अशा सखोल विचारविनिमयानंतर काचेचं हॉटेल ठरलं. पाहुणे आले, उतरले, आणि यांची छाती दोन इंच वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचा डबा भरला आणि आम्ही दोघं तो द्यायला गेलो. खाली स्वागतकक्षात, झुंबराच्या बरोबर खाली, व्याही स्वेटर घालून बसले होते. शेजारी टॉवेल.

"इथं काहून... म्हणजे, इथे का बसलात?" यांनी विचारलं.

"ही आंघोळ करतेय," व्याही म्हणाले.

यांना उलगडा व्हायला जरा वेळ लागला. मला लागला नाही.

"पडदा असंल ना?"

"असेलही. पण कुणाला विचारायचं? आणि काय म्हणून विचारायचं?" व्याही शांतपणे म्हणाले. "ती खाली आली की मी वर जातो. मग ती बसेल इथे."

थोड्या वेळानं विहीणबाई ओल्या केसांनी खाली आल्या, माझ्याकडे बघून कसनुसं हसल्या आणि व्याह्यांनी रिकाम्या केलेल्या खुर्चीवर बसल्या. एवढा जुना संसार, दोन मुलं, आणि आमच्या पाहुणचारानं त्यांना पुन्हा नवीन लाज आणून दिली होती.

यांनी घसा खाकरला. "तसं एक दुसरं हॉटेल आहे. साधं आहे. पण भिंती आहेत."

"चला," विहीणबाई म्हणाल्या. साधं म्हणजे कसं, हेही त्यांनी विचारलं नाही.

दुपारच्या आत सामान महालात गेलं. तिथली गादी फळीसारखी आहे आणि कबुतरं फार आहेत, हे विहीणबाईंनी लगेच सांगितलं. पण न्हाणीच्या दाराला आतून कडी होती. ती त्यांनी दोनदा लावून पाहिली. सकाळची राहून गेलेली आंघोळ उरकायला व्याही खांद्यावर टॉवेल टाकून चौक ओलांडू लागले, तेव्हा काटोलहून आलेल्या एका संत्रेवाल्यानं ओळखपाळख नसताना विचारलं, "पाणी गरम आहे का गा?" पुण्यात त्यांना असं कुणी विचारलं नसावं. बाहेर आल्यावर ते त्या माणसाशेजारी उन्हात बसले ते जेवायच्या वेळीच उठले.

मालकांनी चौकात सतरंज्या घातल्या आणि साखरपुडा तिथेच झाला. काटोलचे गृहस्थ न बोलावता आले, टोपलीभर संत्री घेऊन, आणि मुलीकडचे म्हणून पुढच्या रांगेत बसले. विहीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हॉटेल मात्र तुम्ही छान शोधलंत."

"मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो," माझे पती म्हणाले, चेहऱ्यावरची रेघही न हलवता. मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. लग्नघरात शांतता हवी असते.

पाहुण्यांना इतकं मानवलं की ते आणखी एक दिवस राहिले. साखरपुड्यानं दमून मी खिचडीवर भागवायचं ठरवलं होतं, तर यांनी त्या दोघांना जेवायला बोलावून टाकलं, मला न विचारता. विहीणबाईंनी येताच पदर खोचला, पोळपाट पुढे ओढला आणि म्हणाल्या, "तुम्ही भाजीचं बघा." त्यांच्या पोळ्या माझ्या पोळ्यांपेक्षा पातळ झाल्या. हेही यांनी सगळ्यांदेखत सांगितलं.