डोळ्यांची आखणी

मी रोह्याला गाडीत बसते, तो पेणला चढतो. दोघंही सॉफ्टवेअरवाले, पण नाव कधी विचारलं नाही. त्याच्या नखांत घरच्या गणपती कारखान्यातला रंग असतो. रोज मोबाईलवर तीच बातमी: सहा महिन्यांत प्रोग्रामर लागणार नाहीत. "मागल्या वर्षीपण सहाच महिने उरले होते," म्हणत तो लॅपटॉप उघडतो आणि एआयने लिहिलेला कोड ओळीओळीवर बोट ठेवून तपासतो.

काल मी विचारलंच, "भीती नाय वाटत?"

"वाटते की. साचे आले तेव्हा आजोबांनापण वाटलेली. साच्यातून मूर्ती निघते, ताई. डोळे अजून आम्हीच आखतो."

मी गुपचूप माझा लॅपटॉप उघडला. परवा न वाचताच पाठवलेला एआयचा कोड पहिल्यापासून वाचायला घेतला. बोट तिसऱ्याच ओळीवर अडलं.