आईच्या बोर्डाच्या चकत्या

आई गेल्यावर तिचा भाजी चिरायचा जाड प्लास्टिकचा बोर्ड तसाच पडून होता. मी जेवण बाहेरूनच आणतो. नायगावच्या चाळीतून टॉवरमध्ये आल्यावर मी त्या बोर्डाच्या गोल चकत्या कापल्या आणि लांब बोल्ट घालून बाईकच्या दोन्ही बाजूंना बसवल्या, म्हणजे गाडी पडली तरी इंजिनाला मार नको. विकतच्या गार्डांचा नुसता चकचकाट, मला ते कधी पटले नाहीत.

परवा पार्किंगमध्ये स्टँड नीट लागला नाही आणि गाडी आडवी झाली. चकतीवर आईच्या सुरीच्या रेघा होत्या, त्यांत एका ओरखड्याची भर पडली, बस. चाळीत गाडी पडली की अख्खी गॅलरी वाकून विचारायची, "कोणाची पडली रे?"

उचलायच्या आधी मी सवयीने वर बघितलं. वर पार्किंगचं छत होतं.