सिताबाईच्या वाणाला काना कमी पडला

परंड्यातल्या टायपिंग क्लासात झाडलोट करणाऱ्या सिताबाईला विरुपाक्ष सर म्हणाले, "मावशी, हे जुने कीबोर्ड भंगारात टाका."

तीसेक कीबोर्ड होते. काळी बटणं, त्यांवर पांढरी मराठी अक्षरं. सिताबाई चौथी शिकलेली. अक्षरं भंगारात टाकणं तिच्या जिवावर आलं. सरांना विचारून तिनं पोतंभर कीबोर्ड घरी आणले.

सून प्रतीक्षानं चमच्याच्या दांड्यानं एक बटण उचकटलं, मागं चण्याएवढं चुंबक चिकटवलं आणि फ्रिजच्या दाराला लावलं. टक्कन बसलं. मग काय, सासू-सुनेला नादच लागला. एकेका बटणावर दोन-दोन अक्षरं. नको त्या अक्षरावर प्रतीक्षा काळं नेलपॉलिश फासायची. दिवेलागणीला फ्रिजवर नाव झळकलं, 'सिताबाई'.

नवरा बिरू शेरडं बांधून आत आला. वाचून म्हणाला, "म्हंजे फ्रिज तुझा?"

"व्हय. थंड पाणी पायजे तर इचारून घ्यायचं."

संक्रांत आठवड्यावर आलेली. सिताबाईनं ठरवलं, यंदा वाणात प्लास्टिकचे डबे न्हाईत. प्रत्येकीला तिचं नाव लुटायचं. पंचवीस बायांची यादी झाली. अर्ध्यातच प्रतीक्षानं हात टेकले.

"आत्या, काना संपला."

"संपला कसा?"

"एका कीबोर्डात एकच. तुमच्या एकटीच्याच नावात दोन गेले."

सिताबाईनं खाली पडलेलं कोरं, लांबडं बटण उचललं. जागा सोडायचं बटण ते. तिनं ते यादीतल्या, अर्धवट राहिलेल्या 'इरम्म'च्या पुढं उभं लावलं. अक्षरं बोराएवढी आणि काना चांगला वीतभर! दोघी पोट धरून खाली बसल्या. पण वाचता येत होतं, 'इरम्मा'.

हळदीकुंकवाला हसून हसून बायांचे पदर ढळले. जिचा काना उंच तिचा तोरा उंच. घरी फ्रिज नसलेल्यांनी कपाटाला, पत्र्याच्या पेटीला लावायचं म्हणून नावं ओटीत घेतली. कडूबाईला तेवढाही धीर धरवेना. साठीची बाई, पण साऱ्याजणी घराकडं परतताना फाट्यावर एसटी थांबलेली दिसताच तिनं लोखंडी पत्र्यावर टकाटक नाव लावलं आणि मागं सरून बघत राहिली. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी दिली.

"अगं बया, माझं नाव कुर्डूवाडीला चाललं की."

पंचवीस बाया ओट्या सावरत गाडीमागं पळाल्या. गाडी काही थांबली नाही. मग सगळ्याच धापा टाकत फाट्यावर बसल्या आणि तिळगूळ खात परतीच्या गाडीची वाट बघू लागल्या.

दोन तासांनी गाडी आली. वाटेतल्या खड्ड्यांत लांबडा काना कुठंतरी गळाला होता. पत्र्यावर उरलं होतं 'कडूबई'.

कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "कोण ह्या कडूबई? कुर्डूवाडीच्या स्टँडवर समदे इचारत हुते."

"मीच ती," कडूबाई पदर सावरत ऐटीत म्हणाली.