कोकिळेच्या तुळशीची माळ

कारभारीबुवांचा मला अजून राग येतो. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो. त्यातला थोडा माझा माझ्यावरच आहे, तेही सांगून टाकते.

महाराष्ट्र होऊन पाच वर्षं झाली असतील, तेव्हा मी लग्न होऊन त्यांच्या शेजारी आले. आमचं गाव मोताळ्यापासून दोन कोसांवर. बुवांचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. दर बाजारी त्यांची बायको गोजरबाई भाजीची पाटी मांडायच्या आणि शेजारी फडक्यावर बुवा जपाच्या माळा. माळा त्यांनी स्वतः केलेल्या. वाळलेल्या तुळशीचं खोड बारीक करवतीने कापायचं, मणी घासायचे, भोकं पाडायची आणि दर मण्यामागे गाठ मारत एकशे आठ ओवायचे.

गिऱ्हाईक आलं की बुवा त्याची परीक्षाच घ्यायचे. एकाने चकचकीत स्फटिकाची माळ मागितली, तर म्हणाले, “जपाले पाह्यजे का गळ्यात मिरवाले?” एखादीने माळेला तर्जनी लावली की हातातून माळ काढूनच घ्यायचे. “हे बोट लोकाईले दाखवाचं असते, बाई. मधल्या बोटावर घे, अंगठ्यानं वढ. अन् मेरुमणी आला का तो वलांडाचा नाही, माळ फिरवून मांगं याचं.” विकायला बसलेला माणूस असा वागतो का? पण लोक त्यांच्याकडेच यायचे. त्यांचा सगळ्यात मोठा नेम म्हणजे जित्या तुळशीला हात लावायचा नाही. ती आपणहून मुळापासून वाळली, तरच तिचे मणी.

साऱ्या गावाच्या हातात बुवांची माळ होती आणि गोजरबाई मात्र बोटांच्या पेरांवर नाव मोजायच्या. त्यांना माळ हवी होती ती अंगणातल्या तुळशीची. ती कोकिळेने लावलेली. कोकिळा त्यांची एकुलती एक. अकरा वर्षांची असताना तापाने गेली. तापात पाणी दिलं की ताप डोक्यात चढतो, असं वैदूने सांगितलेलं. दोन दिवस पोरगी पाणी पाणी करत होती. गोजरबाई तांब्या घेऊन उठल्या, तर बुवांनी तो हातातून काढून घेतला. नेमाचा माणूस ना! तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगी गेली. तेव्हापासून गोजरबाई त्या तुळशीला रोज दोन तांबे पाणी घालत. उगाच नाही ते झाड मनगटाएवढं झालं.

मी आल्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात गोजरबाईंनी अंथरूण धरलं. पोटात गाठ होती, अन्न जाईना. त्यांना कळून चुकलं होतं. मी पेज घेऊन गेले होते, तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या, “एक फांदी वाळली हाये. तेवढीच काढा न जी.”

“मूळ हिरवं हाये, कोकिळीची माय. मी हात नाही लावत.”

मग त्या म्हणाल्या, “मंग पाणी नका घालू आता. वाळू द्या तिले. तिच्या माळेवर नाव घेत जाईन, म्हंजे पोरगी हाती लागंल माह्या.” एवढं बोलून त्या भिंतीकडे वळून रडल्या. पोरीच्या झाडाचं पाणी तोडायला आईने सांगावं! बुवांनी ‘बरं’ म्हणून मान हलवली.

दर सकाळी त्या विचारायच्या, “वाळली का?”

“नाही. हिरवीच हाये.”

“पाणी तं नाही घातलं?”

“नाही घातलं.”

चैत्र संपला, वैशाख आला, मळ्यातली वांगी करपली, पण तुळस टवटवीत. एकदा उजाडता उजाडता मी विस्तव मागायला गेले, तर बुवा तांब्या वाकडा करून, आवाज न करता, तुळशीच्या बुडाशी पाणी सोडत होते. मला पाहून त्यांनी तांब्या पाठीमागे धरला.

“विमल, सांगू नको तिले,” ते म्हणाले. “तवा पोरीनं मांगलं, अन् म्या नाही देऊ देलं. आता तिच्या झाडाले नाही कसं म्हनू वं?”

मी नाही सांगितलं. सांगायला हवं होतं.

कारण शेवटच्या आठवड्यात गोजरबाईंनी माझा हात धरला. “विमल, महिना झाला पाणी तोडून, तरी ते झाड वाळत नाही. पोरगी अजून रागावली हाये माह्यावर. पाणी नाही देलं न म्या तिले. माह्या हातात याचंच नाही तिले.”

बुवा दाराशी बसून मणी घासत होते. त्यांचे हात थांबले. मी त्यांच्याकडे बघत राहिले, आता तरी बोला म्हणून. ते उठले आणि बाहेर निघून गेले. चार दिवसांनी गोजरबाई गेल्या. शेवटपर्यंत अंगठा पेरांवरून फिरत होता.

त्या दिवसापासून बुवांनी तुळशीला पाणी घातलं नाही. पंधरा दिवसांत ती मुळापासून वाळली. त्यांनी माळ केली, आणि मळा, बाजार सगळं सोडून ती घेऊन ओट्यावर बसू लागले. येणारेजाणारे म्हणायचे, बुवांना जपाची गोडी लागली.

एका सकाळी मी भाकरी द्यायला गेले. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. माळ त्यांनी तर्जनीवर धरली होती. मेरुमणी आला, तोही ओलांडून ते तसेच पुढे गेले. मी भाकरी ठेवायला वाकले, तेव्हा शब्द ऐकू आले.

दर मण्याला एकच: “मीच घातलं पाणी, कोकिळीची माय. मीच घातलं.”